लग्न लागलं, नोंद राहिली

या वेळेला कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी शेळ्या बांधत असेल, कुणी पोरांचा अभ्यास घेत असेल. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. मी आपल्या तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक. आज मला एका कागदाबद्दल बोलायचं आहे. हा कागद आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या पेटीत नाही, आणि नाही हे आपल्या लक्षातही नाही. तो कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला.

आता काही जणी म्हणतील, "ताई, आमचं लग्न सगळ्या गावासमोर लागलं. मांडव होता, हळद होती, बँडबाजा होता, पंगती उठल्या. सगळ्या गावाला माहीत आहे मी कुणाची बायको. मग आणखी कागद कशाला?"

मीसुद्धा असंच म्हणत होते. माझं मत का बदललं, ते आधी सांगते.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. नाव सांगत नाही, पण हे सगळं सांगायला त्यांनीच मला परवानगी दिली आहे. त्यांचे मालक उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. ऐन हंगामात रात्रीच्या खेपेला अपघात झाला आणि ते गेले. पदरात दोन लेकरं. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि मग ताई बँकेत गेल्या. मालकांच्या खात्यात थोडे पैसे होते, आणि वर्षाला खात्यातून कापला जाणारा विमाही होता. वारस म्हणून नाव होतं सासूबाईंचं, कारण खातं लग्नाआधीचं. आणि सासूबाई दोन वर्षांपूर्वीच वारलेल्या.

बँकेत विचारलं, "तुम्ही पत्नी कशावरून?"

ताईंनी पिशवीतून कागद काढले. आधार कार्डावर माहेरचं नाव, पुढे वडिलांचं नाव. रेशनकार्डावर पहिलं नाव माहेरचंच, पण पुढे नवऱ्याचं. आणि मतदान कार्डावर पहिलं नावच वेगळं, कारण लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. मैत्रिणींनो, बाई एकच, पण कागदावर तीन बाया झाल्या. या तिन्ही एकच आहेत आणि या गेलेल्या माणसाच्या बायको आहेत, असं सांगणारा चौथा कागद त्यांच्याकडे नव्हता.

गाव साक्षीला होतं. पण गावाला बँकेच्या खिडकीपाशी उभं करता येत नाही. त्यानंतर प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे खेटे, वकील, वारसाचा दाखला, तारखा. पैसे मिळाले, नाही असं नाही. पण चौदा महिने गेले. तेवढ्या दिवसांत दोन शेळ्या विकल्या गेल्या, आणि कानातलं गहाण पडलं ते अजून सुटलेलं नाही.

त्यांच्याबरोबर मीही दोन-तीनदा गेले होते. परत येताना एसटीत त्या मला म्हणाल्या, "ताई, हे असताना दोघांनी जाऊन एक सही केली असती, तर आज एवढं झालं नसतं." मी मान हलवली. आणि तेव्हाच मनात आलं की माझा स्वतःचा दाखला कुठे आहे? घरी येऊन ट्रंक उपसली. लग्नाचा अल्बम सापडला, पत्रिका सापडली, आहेराची वहीसुद्धा सापडली. दाखला नव्हता. कारण नोंदच केलेली नव्हती. माझं बीएपर्यंत शिक्षण झालेलं, दुसऱ्यांचे फॉर्म भरून देणारी मी, आणि लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली होती.

त्या रात्री मी घरी विषय काढला. आमचे हे म्हणाले, "नऊ वर्षं झाली, दोन पोरं झाली, आता काय गरज पडली? माझ्यावर भरवसा नाही का?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. मी गप्प बसले. आपल्यातल्या कितीतरी जणी इथेच गप्प बसतात. कागदाला खर्च किती, फॉर्म कुठला, हे नंतरचं. कागद मागितला तर घरच्यांना वाटेल हिच्या मनात काहीतरी आहे, ही भीती पहिली असते.

उत्तर मला दोन दिवसांनी गटाच्या बैठकीत मिळालं. आमच्या गटात एक मावशी आहेत आणि गटाची सचिव त्यांची सख्खी सून आहे. मावशींनी बचतीचे शंभर रुपये सुनेच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "लिही गं आधी." सून म्हणाली, "आत्याबाई, मी काय तुमचे पैसे खाणार आहे का?" मावशी म्हणाल्या, "भरवसा आहे म्हणून तर तुझ्या हातात देते. पण लिही. उद्या तू आजारी पडलीस तर दुसरीला कसं कळणार?"

आपल्या गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, आणि पाचवं सूत्र नियमित दप्तर लेखन. आपण दहा-बारा जणी एकमेकींना लहानपणापासून ओळखतो, तरी एकेक रुपया वहीत लिहितो. त्याला कुणी अविश्वास म्हणतं का? शंभर रुपयांची नोंद आपण चुकवत नाही आणि आयुष्यातला एवढा मोठा व्यवहार मात्र नोंदीशिवाय ठेवतो.

मी घरी जाऊन हेच सांगितलं. हे हसले आणि म्हणाले, "चल मग, करू नोंद." तर बायांनो, तुमच्याही घरी कुणी भरवशाचं विचारलं, तर मावशींचं उत्तर द्या.

आता कामाचं सांगते. जवळ पोरांची वही-पेन असेल तर घ्या.

आपल्या राज्यात यासाठी कायदा आहे. त्याचं नाव महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८. हा कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. पुढे २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की देशात कुठल्याही धर्माच्या माणसाच्या लग्नाची नोंद सक्तीची व्हायला हवी. तेव्हा ही काही शहरातली किंवा परदेशी जाणाऱ्यांची गोष्ट नाही.

नोंद कुठे करायची? खेड्यात ग्रामपंचायतीत. आपण ज्यांना ग्रामसेवक किंवा भाऊसाहेब म्हणतो, तेच तिथले विवाह निबंधक असतात. त्यांच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण आपल्यासाठी ते भाऊसाहेबच. शहरात राहत असाल तर नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या कार्यालयात. लग्न एका गावात आणि राहणं दुसऱ्या गावात असेल, तर कागद गोळा करण्याआधी एकदा जाऊन विचारा की आमची नोंद इथे होईल का. एक हेलपाटा वाचतो.

कधी करायची? लग्न झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत. आपल्याकडे लग्नं वैशाखात. मग पेरणी येते, नवी नवरी पंचमीला माहेरी जाते, गौरी-गणपती येतात, आणि नव्वद दिवस कधी सरले कळत नाही. नव्वद दिवस गेले म्हणून नोंद होत नाही असं मात्र नाही. विलंब शुल्क भरून नंतरही होते. माझी नऊ वर्षांनी झाली. तुमच्या लग्नाला वीस वर्षं झाली असतील, तरी जा.

फॉर्म कोणता? विवाह नोंदणीचे ज्ञापन, नमुना 'ड'. ज्ञापन म्हणजे लेखी कळवणं. त्यात लग्नाची तारीख, ठिकाण, दोघांची पूर्ण नावं, वय, व्यवसाय, पत्ता आणि लग्नाच्या वेळी कोण अविवाहित, विधवा, विधुर की घटस्फोटित, हे लिहायचं. त्यावर नवऱ्याची सही, बायकोची सही, तीन साक्षीदारांच्या सह्या आणि लग्न लावणाऱ्याची सही. भटजी असोत, काझी असोत, भंतेजी असोत, ज्यांनी विधी केला त्यांची. अर्जावर शंभर रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं.

सोबत काय न्यायचं? दोघांचं आधार कार्ड. दोघांच्या वयाचा पुरावा, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला. दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो. लग्नपत्रिका. लग्नातला दोघांचा फोटो. निकाह झाला असेल तर निकाहनाम्याची प्रत. तिन्ही साक्षीदारांचं आधार कार्ड. कुणाचं हे दुसरं लग्न असेल, तर पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम. झेरॉक्स घेऊन जा, पण मूळ कागदही बरोबर असू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवरा-बायको दोघांनी आणि तिन्ही साक्षीदारांनी समोर हजर राहायचं असतं. नोंदणीत दोघांच्याही सह्या लागतात. म्हणूनच मी म्हणते, दोघं धडधाकट आहात, साक्षीदार हयात आहेत, तोवर हे काम करून घ्या.

आमच्या वेळी काय झालं तेही सांगते, म्हणजे तुमची वाट सोपी होईल. पहिल्यांदा गेलो त्या दिवशी भाऊसाहेब नव्हते. त्यांच्याकडे दोन गावांचा कारभार, आमच्या गावाचे वार ठरलेले. ते आम्ही विचारलंच नव्हतं. मामांचा एक रोज बुडाला, कारण साक्षीदार म्हणून ते बरोबर आलेले. दुसऱ्या वेळी भाऊसाहेब भेटले, पण माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आणि आधारवर वेगळं. ते दुरुस्त करण्यात तीन आठवडे गेले. आणि आमचं लग्न लावणारे भटजी तोपर्यंत वारलेले. तेव्हा भाऊसाहेबांनी आमच्याकडून तसं प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं. तिसऱ्या वेळी काम झालं. म्हणून सांगते, आधी एकटीने जाऊन वार विचारा, कागद दाखवा, काय कमी आहे ते लिहून आणा. नवरा आणि साक्षीदार यांना मग एकाच दिवशी न्या. रोजावर जाणाऱ्या माणसाचा एक दिवस म्हणजे घरातलं एक दिवसाचं तेल-मीठ असतं.

अर्ज दिला की पोच घ्या. जे शुल्क भराल त्याची पावती घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात ग्रामपंचायतीच्या सेवांना दिवस ठरवून दिलेले आहेत. तो फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. त्यावर विवाह नोंदणीपुढे किती दिवस आणि किती फी लिहिली आहे, ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला बरोबर न्या. मुदतीत काम झालं नाही तर त्याच कायद्याने अपील करता येतं, आणि अपिलात पोच हाच आपला पुरावा. "हजार-दोन हजार द्या, मी सगळं करून आणतो" असं सांगणारे मधले लोक भेटतील. हे काम तुमचं तुम्हाला जमतं. गटाचं खातं उघडताना याहून जास्त कागद तुम्ही केलेले आहेत.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. दोघांची नावं, लग्नाची तारीख, गावाचं नाव, सगळं बरोबर आहे का बघा. त्यावर नोंदवहीचा खंड क्रमांक आणि अनुक्रमांक असतो. तो एका वहीत उतरवून ठेवा. दाखला भिजला, हरवला, उंदराने खाल्ला, तरी त्या नंबरावरून नवी प्रत काढता येते.

आता तुमच्या बैठकांमध्ये मला नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न.

एक ताई विचारतात, "नोंद केली नाही म्हणजे माझं लग्न खोटं ठरतं का?" नाही. विधीने लागलेलं लग्न नोंद नाही म्हणून रद्द होत नाही. ज्यांची नोंद नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही. आणि उलटंही लक्षात ठेवा. लग्नाचा विधी झालेलाच नाही आणि नुसता दाखला काढला, तर तेवढ्याने हिंदू लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केलं आहे. लेकीला कुणी म्हणालं, "आधी दाखला काढू, लग्न मागाहून करू," तर सावध राहा.

दुसरा प्रश्न, "लग्नानंतर नाव बदलावंच लागतं का?" नाही, सक्ती नाही. माहेरचं नाव ठेवलं तरी तुम्ही पत्नीच. पण नाव बदललं असेल तर सगळ्या कागदांवर एकच नाव आणा. तसं करताना विवाह नोंदणीचा दाखला हा माहेरचं नाव आणि सासरचं नाव जोडणारा कागद आहे. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरताना आपण पाहिलं. नव्या सुनांची नावं सासरच्या रेशनकार्डावर चढलेली नव्हती, तेव्हा विवाहाचा दाखला असेल तर नवऱ्याचं रेशनकार्ड चालत होतं. ज्यांच्याकडे दाखला होता त्यांचं काम पुढे गेलं, बाकीच्या ऐन वेळी धावल्या.

तिसरा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात. "नवऱ्याने दुसरं घर केलं तर?" पहिली बायको हयात असताना, घटस्फोट झालेला नसताना, हिंदू माणसाला दुसरं लग्न करता येत नाही. पण कोर्टात पहिल्या लग्नाचा पुरावा द्यावा लागतो. पोटगी मागताना, मुलांचा हक्क सांगताना, पहिला प्रश्न तोच येतो, लग्न झालं होतं का. तेव्हा दाखला असलेली बाई एका वाक्यात उत्तर देते.

चौथा प्रश्न, वयाचा. कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षं पूर्ण हवीत. वय कमी असेल तर नोंद करून घेतली जात नाही. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही ग्रामसेवकच असतात. कुणी सांगेल की जन्मतारीख थोडी मागे घेऊ, दाखला करून देतो. तसं करू नका, तो गुन्हा आहे आणि पुढे तो लेकीच्याच गळ्याशी येतो. कुठे लहान मुलीचं लग्न ठरत असेल, तर १०९८ हा नंबर फिरवा. तुमचं स्वतःचं लग्न तसं लहानपणी झालेलं असेल तर त्यात तुमचा दोष नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा फोन नंबर १५१००.

पाचवा प्रश्न, मुलगा एका धर्माचा आणि मुलगी दुसऱ्या धर्माची असेल तर? कुणीही धर्म न बदलता लग्न करायचं असेल, तर त्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. ते काम ग्रामपंचायतीत होत नाही, विवाह अधिकाऱ्याकडे होतं. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहणं लागतं, आधी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर तीस दिवस थांबावं लागतं आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं.

मैत्रिणींनो, आता एक काम सांगते. पुढच्या मासिक बैठकीत हिशेब झाला की हा विषय काढा. गटात किती जणींकडे दाखला आहे, हात वर करायला सांगा. आमच्या गटात बारा जणी होतो, हात दोघींचेच वर आले. मग आम्ही ठरवलं, एका दिवशी चार जोडपी जायची. गावातलेच लोक एकमेकांचे साक्षीदार झाले. लग्नात जे हजर होते त्यांनाच धरलं, खोटा साक्षीदार एकही नाही. सहा महिन्यांत नऊ जणींचं काम झालं. एकीचे मालक मुंबईला असतात, ते दिवाळीला आले की तिचं होईल. तुमच्या ग्रामसंघाने ठराव करून ग्रामपंचायतीला पत्र दिलं, तर भाऊसाहेबांना एक दिवस ठरवून सगळ्यांची नोंद करायला सांगता येईल.

आणि ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे, त्यांनी बस्ता, मांडव, जेवण यांच्या यादीत एक ओळ वाढवा. पत्रिकेच्या दोन प्रती, लग्नातला एक चांगला फोटो आणि भटजींची सही त्याच दिवशी घेऊन ठेवा. सोळाव्याला किंवा पूजेला जमलेल्या पाहुण्यांमधलेच तीन साक्षीदार धरा.

मघाशी ज्या ताईंची गोष्ट सांगितली, त्यांच्या थोरल्या लेकीचं मागच्या वैशाखात लग्न झालं. वय पुरतं एकोणीस. नवीन जोडपं देवदर्शनाला निघालं, तर या दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आधी ग्रामपंचायत, मग देव." व्याही हसले, पण ऐकलं. नोंद झाल्यावरच जोडपं देवाला गेलं. दाखल्याची एक प्रत ताईंनी स्वतःच्या पेटीत ठेवली आहे.

तुमच्या गावात नोंदणीत काही अडचण आली, तर तुमच्या गटाच्या अध्यक्ष-सचिवांकडून मला निरोप द्या. मी येईन. आज इथेच थांबते. भाकरी करपली असेल तर माफ करा. नमस्कार.